सूत्रे कोणाच्या हाती?

स्त्रियांवरील अत्याचाराच्या निवारणाचे कार्य करणाऱ्या ज्या संस्था आज महाराष्ट्रात उभ्या आहेत, त्यांच्या कारभाराविषयी एक मत अलीकडे देणगीदारांच्या बैठकांतून, व्याख्यानांनंतरच्या चर्चांतून आणि सुशिक्षितांच्या घरगुती बोलण्यातून वारंवार ऐकू येऊ लागले आहे. ते मांडणारे लोक या कार्याचे वैरी नसून बहुधा हितचिंतकच असतात, आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे मला अगत्याचे वाटते. ते मत थोडक्यात असे: या संस्था स्त्रियांनी स्थापिल्या आणि कष्टाने वाढविल्या, हे ऋण मान्य आहे, परंतु आता व्याप वाढला, कायदे झाले, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून पैसा येऊ लागला, तेव्हा समुपदेशन तेवढे स्त्रियांकडे ठेवून धोरण, हिशेब आणि देखरेख ही अंगे कारभारात मुरलेल्या, तटस्थ वृत्तीच्या गृहस्थांकडे सोपवावीत, कारण स्त्रियांचे नेतृत्व एकतर्फी असते, ते भावनेच्या आहारी जाते, आणि जे संसार सांधता आले असते ते त्याच्या हातून मोडतात.

हे मत वरवर समंजस दिसते, पण त्याच्या पोटात एक फाळणी गृहीत धरलेली आहे: पीडित स्त्रीचे ऐकून घेणाऱ्या एक, आणि तिच्यासाठी काय करायचे ते ठरविणारे दुसरे. माझे म्हणणे असे की ही फाळणी ज्या दिवशी अमलात येईल त्या दिवशी संस्थेची पाटी, इमारत आणि ताळेबंद जागच्या जागी राहतील, पण ज्या कार्यासाठी ती निघाली ते कार्य तिथून उठून गेलेले असेल.

प्रथम इतिहास पाहू. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा फसविल्या गेलेल्या विधवेपुढे समाजाने जीव देणे किंवा जीव घेणे एवढेच पर्याय शिल्लक ठेविले होते. त्या गृहाची प्रेरणा पति-पत्नी दोघांची होती. पण रात्री-अपरात्री दाराशी आलेल्या गर्भवतीला आत घेणे, तिचे बाळंतपण करणे आणि तिची ओळख गुप्त राखणे हे सावित्रीबाईंचे क्षेत्र होते, आणि त्या क्षेत्रावाचून उरलेला सगळा उदार विचार कागदावरच राहिला असता. त्याच गृहात जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला या दांपत्याने दत्तक घेतले आणि पुढे तो डॉक्टर झाला, हे सर्वश्रुत आहे.

1882 साली पंडिता रमाबाईंनी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-निरीक्षिका यांच्याबरोबरच स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्याची मागणी केली. तिचे कारण त्यांनी स्पष्ट सांगितले होते, की येथील स्त्रिया आपल्या शरीराचे दुखणे परपुरुषाजवळ बोलण्यापेक्षा मरण पत्करतात. जी गोष्ट आजाराच्या बाबतीत खरी, ती नवऱ्याच्या माराच्या बाबतीत किती पटीने खरी असेल याचा विचार वाचकांनीच करावा. रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले, आणि रानडे व भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष त्याच्या सल्लागार मंडळात होते. 1893 मध्ये सदनातील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते या शंकेवरून हे मंडळ राजीनामे देऊन मोकळे झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात रमाबाईंचे सर्वच बरोबर होते असा माझा दावा नाही; सल्लागारांची चिंताही खोटी नव्हती. परंतु राजीनाम्यानंतर ज्या विधवांना परतायला घर नव्हते, त्यांच्या डोक्यावरचे छप्पर सांभाळायला मागे कोण राहिले, या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. सल्लागाराला राजीनाम्याची सोय असते. जिच्यावर आश्रितांचा भार असतो तिला ती नसते.

येथे महर्षी कर्व्यांचे उदाहरण हटकून पुढे केले जाते. विधवांसाठी आश्रम एका पुरुषाने काढला आणि आयुष्यभर चालविला, तेव्हा नेतृत्व स्त्रीचेच हवे हा हट्ट कशाला, असे विचारण्यात येते. कर्व्यांचे मोठेपण मला शिरोधार्य आहे. परंतु त्या मोठेपणाचा तपशील पाहिला म्हणजे तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. त्यांच्या द्वितीय पत्नी, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, शारदा सदनाच्या विद्यार्थिनी होत्या. आणि आश्रमासाठी गावोगाव हिंडून, पुढे थेट अमेरिकेपर्यंत जाऊन निधी जमविणाऱ्या पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा होत्या. कर्व्यांनी त्यांना केवळ कामाला लाविले नाही, तर त्यांच्या शब्दाला संस्थेत वजन दिले. म्हणजे ज्या पुरुषाचा दाखला देऊन स्त्रियांनी सूत्रे खाली ठेवावीत असे सुचविले जाते, त्या पुरुषाने स्वतः ती त्यांच्या हाती देण्यातच धन्यता मानली होती.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो, तो म्हणजे या कामातील ज्ञान कोठे असते हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत असे आढळले की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ 14 टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती, आणि 77 टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नव्हती व त्याविषयी कोणाजवळ अवाक्षरही काढले नव्हते. या आकड्यांचा अर्थ कारभाराच्या भाषेत सांगायचा तर असा, की संस्थेसमोरचा मुख्य अडसर मौनाचा आहे. कायद्याची उणीव किंवा पैशाची चणचण त्यानंतर येते. आणि मौन ज्यांना उलगडता येते त्यांनाच काय करायला हवे ते कळते.

समुपदेशन केंद्रात पहिल्यांदा येणारी बाई बहुतेक वेळा मारहाणीची फिर्याद घेऊन येत नाही. शिधापत्रिकेवरून नाव कमी झाले आहे असे ती सांगते, मुलाच्या शाळेच्या दाखल्याची चौकशी करते, किंवा शेजारणीकडे बोट दाखवून ‘हिच्या सोबतीला आले’ म्हणत बाकाच्या कडेला बसून राहते. जाणती कार्यकर्ती तिला लगेच काही विचारीत नाही. बरोबर आलेल्या सासूला किंवा भावाला ती बाहेरच्या खोलीत बसविते, पाणी देते, शिधापत्रिकेचाच विषय चालविते, आणि मग सहज बोलावे तसे विचारते की ताई, पगार तुमच्या हातात येतो का, फोन कोणाजवळ असतो, दहावीचे प्रमाणपत्र आणि आधारकार्ड घरात कोठे ठेवले आहे, झोपता कोणत्या खोलीत, त्या खोलीला आतून कडी आहे का. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेस बाही थोडी वर सरकते आणि दंडावरचा वळ दिसतो. रात्रीच्या गोष्टी त्याच्याही नंतर येतात, त्याही अर्ध्या वाक्यांत. त्या अर्ध्या वाक्यांवरून पुढचा निर्णय होत असतो: हिला आज परत पाठविणे धोक्याचे आहे की नाही, तिच्या बारा वर्षांच्या मुलाला आईबरोबर आधारगृहात ठेवता येईल का, तिचे दागिने, भांडी आणि कागदपत्रे यांची यादी आधी करावी की पोलीस ठाणे आधी गाठावे.

हे सर्व प्रश्न वरवर समुपदेशनाचे वाटतात, पण त्यांपैकी प्रत्येक धोरणाचा आणि अंदाजपत्रकाचा प्रश्न आहे. रात्रीचा फोन उचलायला पगारी माणूस ठेवायचे की नाही, मोठ्या मुलांसाठी वेगळी खोली बांधायची की नाही, बाईला परतीच्या एस.टी. भाड्याचे पैसे देण्याचे खाते हिशेबात उघडायचे की नाही, हे विश्वस्त मंडळ ठरविते. ज्या मंडळाला ती अर्धी वाक्ये कधी ऐकूच आली नाहीत, त्याला या बाबी किरकोळ खर्च वाटतात आणि ते सदहेतूने त्यांवर काट मारते. तेव्हा स्त्रियांनी नेतृत्व करावे हे मी त्यांच्या जातिस्वभावात ममता असते म्हणून म्हणत नाही. ममता हा युक्तिवाद मला मान्यच नाही. या कामाचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचते, आणि ज्ञान जेथे आहे तेथे अधिकार असावा हा सुबुद्ध कारभाराचा पहिला नियम आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप तटस्थतेचा. ‘दोन्ही बाजू ऐकणारा कोणी हवा’ या वाक्याला न्यायाचा वास येतो म्हणून ते चटकन पटते. परंतु तटस्थ म्हणविल्या जाणाऱ्या दृष्टीने या देशात काय केले याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. 1972 साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचा जो खटला मथुरा खटला म्हणून ओळखला जातो, त्यात उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही, यावरून तिचा प्रतिकार नव्हता असे अनुमान काढण्यात आले. पोलीस ठाण्यात रात्रीच्या वेळी दोन शिपायांच्या तावडीत सापडलेल्या मुलीचे गप्प राहणे म्हणजे संमती, हे अनुमान काढणाऱ्यांपैकी कोणी दुर्जन नव्हता. भयाने माणूस कसा गोठतो याची ओळखच त्या दृष्टीला नव्हती. 1979 मध्ये वसुधा धगमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, मुंबईत व अन्यत्र स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

शिवाय निःपक्षपात हा न्यायासनाचा धर्म आहे. पीडितेच्या बाजूने उभी राहणारी संस्था म्हणजे न्यायासन नव्हे. पतीच्या निर्दोषत्वाचे रक्षण करायला त्याचा वकील आहे, पुराव्याचा कायदा आहे, अपिलाची पायरी आहे; आणि अटकेच्या अधिकाराचा अतिरेक होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये पोलिसांना निर्देशही दिले आहेत. खोट्या तक्रारी मुळीच होत नाहीत असे मी म्हणत नाही. त्यांची पारख करण्याची यंत्रणा आहे आणि ती न्यायालयात आहे. पीडितेच्या बाजूला मात्र बहुधा ती संस्था एवढीच असते. तिनेही मधोमध जाऊन बसायचे ठरविले तर तागडीचे एक पारडे रिकामेच राहील, आणि त्यालाच आपण समतोल म्हणू लागू.

कायद्यानेही हे तत्त्व ओळखलेले आहे, हे आक्षेपकांनी लक्षात घेतलेले दिसत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा 2005 चा अधिनियम सांगतो की संरक्षण अधिकारी शक्यतोवर स्त्रियाच असाव्यात. त्याखालील नियम समुपदेशकांविषयी तेच म्हणतात, आणि समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचे समर्थन करण्याची मुभा देऊ नये असेही बजावतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या 2013 च्या कायद्याने तर अंतर्गत समितीच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरची स्त्रीच असली पाहिजे आणि निम्म्याहून कमी सदस्य स्त्रिया असता कामा नयेत असे बंधनच घातले आहे. ज्या गोष्टीची सक्ती संसदेने कारखान्यांवर आणि कचेऱ्यांवर केली, तीच गोष्ट खुद्द या कार्याला वाहिलेल्या संस्थांनी सोडून द्यावी, असा उपदेश कोणत्या तर्काने करता येतो?

तिसरा आणि सर्वांत जिव्हारी लागणारा आरोप म्हणजे या संस्था घरे मोडतात. यातील वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 2005 च्या कायद्याच्या मागे इंदिरा जयसिंग यांच्या नेतृत्वाखालील वकिलांच्या गटाने आणि देशभरच्या स्त्रीसंघटनांनी अनेक वर्षे घातलेली मेहनत आहे. आणि त्या कायद्याचे हृदय कोणते असेल तर ते सामायिक घरात राहण्याचा स्त्रीचा हक्क. घर कोणाच्याही नावावर असो, तिला तेथून हुसकता येणार नाही, हे त्याचे सूत्र. 2006 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने सासूच्या मालकीचे घर त्या व्याख्येबाहेर काढले, आणि हजारो सुनांपुढे पुन्हा रस्ता आला. 15 ऑक्टोबर 2020 रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरवून हक्क पूर्ववत केला. मधल्या चौदा वर्षांत तारखांमागून तारखा घेत या हक्कासाठी झगडणारे लोक घर मोडणारे होते की घर मागणारे होते? केंद्रात येणाऱ्या बाईची पहिली मागणी बहुतेक वेळा घटस्फोटाची नसतेच. ‘मार तेवढा थांबवा’ एवढेच ती म्हणते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी जो विशेष कक्ष सुरू केला, आणि जो पुढे शासनाने राज्यभर स्वीकारला, त्याचे वैशिष्ट्य हेच की पोलिसांच्या छपराखाली बसलेली समाजकार्यकर्ती त्या बाईला विचारते, तुम्हाला काय हवे आहे. आणि तिला हवे असेल तर नवऱ्याला बोलावून लेखी हमीही घेते. घर जेव्हा मोडते तेव्हा ते पहिला हात उगारला गेला त्या दिवशी मोडलेले असते. संस्थेच्या दप्तरात फक्त त्याची नोंद होते.

राहिला कारभाराचा मुद्दा. स्त्रियांना हिशेब जमत नाही हे कोणी आता उघड म्हणत नाही, पण ‘व्यवस्थापनकौशल्य’ या शब्दाआडून तेच सुचविले जाते. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले; 1997 मध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशातल्या म्हसवडला ग्रामीण स्त्रियांची सहकारी बँक रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळवून उभी राहिली. यापेक्षा अधिक कसोटी कोणती हवी? उलट कारभारी दृष्टी एकटी पडली म्हणजे काय होते ते अशा संस्थांच्या वार्षिक तक्त्यात दिसते. त्यात ‘दाखल’, ‘समझोता’ आणि ‘निकाली’ असे रकाने असतात, आणि देणगीदाराचा डोळा समझोत्याच्या आकड्यावर असतो. बाई सासरी परतली की ती त्या रकान्यात जमा होते. तीन महिन्यांनी तिचे काय झाले याला रकाना नसतो. तो रकाना उघडा, घरभेटीला माणूस द्या, आकडे घटले तरी चालतील, असा आग्रह धरते ती तिला ओळखणारी कार्यकर्ती; आणि तिला मंडळात मत नसेल तर तो आग्रह इतिवृत्तातही उमटत नाही.

याचा अर्थ पुरुषांना या कार्यात स्थान नाही असा कोणी करू नये. वर उल्लेखिलेल्या पत्रावर दोन पुरुषांच्या सह्या होत्या. 1993 साली मुंबईत हिंसेविरुद्ध पुरुषांचीच एक संघटना, ‘मावा’, निघाली आणि हरीश सदानी व त्यांचे सहकारी तरुण मुलांमध्ये आजही काम करीत आहेत. पुण्यात विद्या बाळ यांच्या नारी समता मंचाने स्त्रियांसाठी ‘बोलते व्हा’ केंद्र काढले आणि कालांतराने पुरुषांशी संवाद साधण्याचे केंद्रही काढले. स्त्रीनेतृत्व एकतर्फी असते म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य अभ्यासावे. पुरुषांनी पुरुषांत काम करावे, हिशेब तपासावेत, खटले लढवावेत, पैसा उभा करावा. फक्त जिच्यावर वार होतो तिच्या वतीने अखेरचा शब्द आपला असावा हा आग्रह सोडावा.

आक्षेपकांनी जो प्रश्न विचारायला हवा होता आणि विचारला नाही, तोही येथे मांडतो. स्त्रियांचे नेतृत्व म्हणजे कोणत्या स्त्रियांचे? देसाईगंजची मुलगी आदिवासी होती. 1992 मध्ये राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या ज्या ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी कार्यकर्त्या, भंवरीदेवींवर सामूहिक अत्याचार झाला, आणि ज्यांच्या प्रकरणातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा 1997 चा विशाखा निकाल निघाला, त्या कुंभार कुटुंबातील होत्या. म्हणजे कायदे ज्यांच्या यातनांतून झाले त्या स्त्रिया शहरातल्या सवर्ण घरांतून आलेल्या नव्हत्या. पण संस्थांच्या मंडळांवर मात्र त्या घरांचीच नावे अधिक दिसतात. हा दोष खरा आहे आणि त्याचे समर्थन करणे मला शक्य नाही. परंतु त्यावर उपाय अधिकार वर आणि दूर नेण्याचा नसून तो आणखी खाली आणि जवळ नेण्याचा आहे. दलित, आदिवासी, मुस्लिम, भटक्या-विमुक्त समाजांतील कार्यकर्त्या, आणि स्वतः हिंसा सोसून बाहेर पडलेल्या स्त्रिया यांना मंडळात बसविले पाहिजे. फ्लाविया अ‍ॅग्नेस यांनी स्वतःच्या संसारातील छळातून बाहेर पडून, शिकून, वकील होऊन ‘मजलिस’ ही कायदेशीर मदतीची संस्था उभी केली आणि असंख्य स्त्रियांची बाजू न्यायालयात मांडली. अनुभव आणि अधिकार एका ठिकाणी आले म्हणजे काय होते ते त्यांनी दाखवून दिले आहे.

म्हणून देणगीदारांना आणि विश्वस्तांना माझी विनंती अशी. देणगीचा धनादेश लिहिण्यापूर्वी संस्थेची घटना मागवून घ्या आणि निर्णय घेणाऱ्या मंडळात स्त्रियांचे बहुमत आहे की नाही, केंद्रावर प्रत्यक्ष बसणाऱ्या कार्यकर्तीला तेथे मत आहे की नाही, हे पाहा. समझोत्यांचा आकडा विचारण्याऐवजी परतलेल्या स्त्रियांच्या घरभेटींचा तक्ता मागा. रात्रीच्या फोनसाठी, एस.टी. भाड्यासाठी, मोठ्या मुलांच्या खोलीसाठी पैसा द्या, आणि तो कसा खर्च करायचा ते त्यांना ठरवू द्या. जे गृहस्थ आपल्या अनुभवाचा लाभ या संस्थांना देऊ इच्छितात त्यांचे स्वागतच आहे. त्यांनी सल्लागार म्हणून यावे, महिन्यातून एक दिवस केंद्राच्या बाहेरच्या खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची नुसती संख्या पाहावी, आणि सूत्रे जेथे आहेत तेथेच राहू द्यावीत.